लोणारचा डेटा लोणारच्या मुलांना वाचता आला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर निघालेल्या आपल्या करिअर पुरवणीत बायोइन्फॉर्मॅटिक्सला, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा संगणकावर वाचायच्या विषयाला, अर्धं पान मिळालं, याचा आनंद झाला. आमच्याकडे या विषयाचं नावही पालकांच्या तोंडी बसत नाही. पेपरात छापून आलं की निदान वडिलांना दाखवता येतं. पण त्या अर्ध्या पानात होतं काय? पुणे, बंगळुरू, हैदराबादच्या संस्था, त्यांची फी, ‘पॅकेज’चे आकडे आणि शेवटी एक ओळ : ‘उत्तम इंग्रजी व कोडिंगची आवड आवश्यक’. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी हा विषय वर्षानुवर्षं शिकवते आहे, त्यातला बराच काळ सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. त्या एका ओळीने माझा निम्मा वर्ग बाहेर काढला, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त ग्रेप या संगणकाच्या आज्ञेच्या परिच्छेदाला हात लावू नका.

मी मूळची मायक्रोबायोलॉजीची. सूक्ष्मजीव ओळखायचे ते प्लेटवर वाढवून, ग्रॅम स्टेनिंग करून, कुठली साखर आंबवतो ते नळीत बघून, अशी आमची शिकवण. ते मी आजही शिकवते. पण मातीतले बहुतेक जीवाणू प्लेटवर उगवतच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली जेवढे दिसतात त्यांतला जेमतेम एखादा टक्का प्लेटमधल्या आगरवर, म्हणजे पोषक थरावर, वाढतो. स्टॅली आणि कोनोप्का यांनी १९८५ मध्ये ही तफावत ठसठशीतपणे मांडली. उरलेल्यांना गाठायची वाट त्याआधीच सापडली होती. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी जीवाणूंतल्या १६एस आरआरएनए या रेणूची तुलना करून दाखवली आणि त्यातून आर्किया हा जिवांचा एक वेगळाच मोठा गट पुढे आला. या रेणूचं जनुक साधारण दीड हजार अक्षरांचं, आणि अक्षरं चारच : ए, टी, जी, सी. चिमूटभर मातीतून डीएनए काढायचा, ही अक्षरं वाचायची आणि तिथे कोण कोण राहतं ते ओळखायचं, वाढवायच्या भानगडीत न पडता. अक्षरं हाती आली की पुढचं सगळं काम संगणकावरचं.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, ते आपल्या वाचकांच्या लक्षात असेल. लॉकडाउन होता, माझी मुलं घरी होती, बहुतेकांकडे मोबाइल आणि तोही घरात एकच. सरोवर काही गावं पलीकडे, पण बातमी टीव्हीवरून कळली. व्हॉट्सॲपवर काय काय तर्क लढवले गेले ते लिहीत नाही. सरोवराच्या संवर्धनाची याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आधीपासून होती, त्यामुळे तपासाला वेग आला. नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकरने सांगितलं, हा रंग हॅलोआर्कियांचा, म्हणजे खारट पाण्यात राहणाऱ्या आर्कियांचा. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, पाणी आटून खारटपणा वाढला की हे गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे जीव फोफावतात. त्यांच्या तपासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. नमुना ठेवून दिल्यावर गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, तरंगणाऱ्या पेशींचा होता. हे नववीच्या पोरालाही कळतं, इंग्रजीशिवाय.

त्या दिवसांत मी मुलांना सांगितलं, अमेरिकेच्या एनसीबीआय या जैविक डेटा बँकेच्या संकेतस्थळावर जा आणि शोधायच्या चौकटीत रोमन लिपीत लोणार लिहा. थोड्या वेळात ग्रुपवर एकीचा मेसेज : ‘मॅडम, आपलं लोणार इथं काऊन?’ खाली नोंदींची रांगच लागलेली. २००६ मध्ये योगेश शौचे, रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणारच्या सूक्ष्मजीवांचा १६एसच्या आधारे अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यानंतरही अनेकांनी तिथलं पाणी आणि गाळ नेला, क्रम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या ओळी, वाचले, जमा केले. हे सगळं खुलं आहे. पासवर्ड लागत नाही, पैसे पडत नाहीत. अमेरिका, युरोप आणि जपानच्या तीन मोठ्या डेटा बँका आपापल्या नोंदी रोज एकमेकींशी जुळवतात. २०२२ पासून फरीदाबादला आपलं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरही आहे. दार सताड उघडं आहे हो, पण आत जाऊन करायचं काय हे दाखवणारं कुणी नाही. आणि जे दाखवतात ते अशा घाईने आणि अशा तोऱ्यात, की पोरगं उंबऱ्यावरूनच परत फिरतं.

आता ते ग्रेपचं. क्रमांची फाइल फास्टा नावाच्या मांडणीत असते. प्रत्येक क्रमाआधी नावाची एक ओळ, तिची सुरुवात ‘>’ या चिन्हाने, आणि खाली अक्षरं. फाइलीत क्रम किती, हे मोजायचं म्हणजे ‘>’ असलेल्या ओळी मोजायच्या. लिनक्स या संगणकप्रणालीत ग्रेप ही आज्ञा ते क्षणात करते. फक्त ते चिन्ह अवतरणात लिहावं लागतं. अवतरण विसरलात, तर संगणक त्या चिन्हाचा दुसराच अर्थ घेतो : येईल ते उत्तर या फाइलीत ओत. आणि ओतायच्या आधी फाइल रिकामी करतो, तुम्हाला न विचारता. नाव जागेवर, आकार शून्य. एका मोठ्या शहरातल्या कार्यशाळेत माझ्या एका विद्यार्थ्याचं नेमकं हेच झालं. शिकवणारे गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणाले, बेसिक येत नसेल तर इथे यायचं कशाला? वर्ग हसला. पोरगा जेवणाच्या सुट्टीनंतर आत गेलाच नाही, एसटी धरून घरी आला. वडिलांनी सोयाबीन विकून भरलेली फी गेली. त्याला पुन्हा कीबोर्डपाशी बसवायला मला अख्खं सत्र लागलं. तेव्हापासून मी पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाकडून ही चूक मुद्दाम करून घेते. फाइलीची प्रत काढा, अवतरण गाळा, एंटर दाबा. ‘मॅडम, सारं साफ झालं नं!’ असा गलका होतो. मग मूळ फाइलीला कुलूप कसं घालायचं ते शिकवते. सगळ्यांचीच फाइल गेलेली असते, हसणार कोण कोणाला?

शिकवण्याकडे असं बघायला मी ज्यांच्याकडून शिकले, त्यांना मी कधी भेटलेले नाही. ट्रेसी टील या अमेरिकी संशोधक मिशिगन स्टेट विद्यापीठात मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या परिसंस्थेवर काम करत होत्या. क्रम वाचणारी यंत्रं स्वस्त आणि वेगवान होत होती, जीवशास्त्रवाल्यांपुढे डेटाचे ढीग साचत होते आणि तो हाताळायला त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. टील यांनी २०१४ च्या सुमारास सहकाऱ्यांबरोबर डेटा कार्पेंट्री ही डेटा हाताळायला शिकवणारी संघटना उभी केली. ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांची, संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणारी सॉफ्टवेअर कार्पेंट्री १९९८ पासून होतीच. २०१८ मध्ये दोन्ही एकत्र येऊन ‘द कार्पेंट्रीज’ झाली आणि टील तिच्या कार्यकारी संचालक झाल्या. चांगली चाललेली संशोधक बाई शिकवण्याच्या संघटनेकडे वळली, हे आपल्याकडे पदावनती समजलं असतं. तिथली पद्धत अशी : कार्यशाळा साधारण दोन दिवसांची, शिकवणारे स्वयंसेवक, पाठ सगळ्यांना फुकट. शिक्षक तयार स्लाइड दाखवत नाही, सगळ्यांसमोर एकेक आज्ञा स्वतः टाइप करतो. चुकला तर ती चूक आणि ती निस्तरणं दोन्ही वर्गाला दिसतं. प्रत्येकाजवळ दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या. एक म्हणजे ‘माझं झालं’, दुसरी म्हणजे ‘मी अडकले’. लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवायची, हात वर करायला नको.

आमच्याकडे पतंगाच्या कागदाचे लाल-हिरवे तुकडे आणि सेलोटेप. मॉनिटरच्या डोक्यावर लावायचे. हात वर करणारे दर वर्षी तेच ते चार-पाच असतात. लाल कागद मात्र मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडणारी मुलगीही लावते. संगणक कमी, एकावर तिघं. म्हणून दुसरा नियम, कीबोर्ड फिरता ठेवायचा. तो नसेल तर कीबोर्ड मुलाकडे आणि वही मुलीकडे, हे कुणी न सांगता ठरून जातं. बघा कधी कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये उभं राहून.

टील यांच्या संशोधनाचं आमच्या वावराशी नातं निघेल, असं मात्र मला वाटलं नव्हतं. २०११ मध्ये लेव्हिन, टील, रॉबर्टसन आणि श्मिट यांचा एक निबंध आला. हवेतला मिथेन खाणारे जीवाणू मातीत असतात. मिशिगनमध्ये त्यांनी पिकाखालची जमीन, शेती सोडून दिलेली जमीन आणि मूळ रान यांची तुलना केली. रान मोडून ओळीची पिकं घेतली तिथे मातीचं मिथेन शोषणं सातपटीने घटलेलं होतं आणि त्या जीवाणूंची विविधताही त्याच मानाने उतरलेली. शेती सोडलेल्या जमिनीत दोन्ही हळूहळू परतत होती. हे मी वर्गात मराठीत सांगितलं. कपाशीवाल्या घरातला एक मुलगा, एरवी पासापुरता अभ्यास करणारा, म्हणाला : ‘मंग आपल्या धुऱ्यावर वावरापेक्षा जास्त असतीन का?’ धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तो कधी नांगरला जात नाही, त्यावर बोरी-बाभळी, गवत, पिढ्यान्पिढ्या तसंच. वावर आणि धुरा, दोन्हींची माती एकच, पाऊस एकच, फरक फक्त नांगराचा. संशोधनाची याहून नीट मांडलेली तुलना मला तरी सुचली नसती. तपासायला पैसे नव्हते, क्रम वाचून घ्यायचा खर्च आमच्या कॉलेजच्या आवाक्यातला नाही. पण नमुने कुठून, किती खोलीवरून, किती घ्यायचे, खत टाकल्यानंतर की आधी, याचा आराखडा वर्गाने कागदावर केला. मग शोधाशोध करताना कळलं की २०१० मध्ये लोणारच्याच गाळातल्या मिथेन आणि मिथेनॉलसारख्या एककार्बनी पदार्थांवर जगणाऱ्या जीवाणूंवर निबंध आलेला आहे आणि आघारकरमध्ये मोनाली रहाळकर यांच्या गटाने भाताच्या खाचरातून मिथेन खाणारा एक काकडीच्या आकाराचा जीवाणू वेगळा केला आहे. मुलांना ती काकडी फार आवडली.

सर्वसमावेशक विज्ञान असा शब्द हल्ली परिपत्रकांत असतो. माझ्या वर्गात तो एका पूर्ण अंध विद्यार्थ्याच्या रूपाने आला, बी.एस्सी.ला. प्रवेशाच्या वेळी ‘सायन्स कशाला, बी.ए. करा’ असा सल्ला त्याला मिळाला होता. मायक्रोस्कोपचं प्रात्यक्षिक त्याला अवघड होतं, खोटं कशाला सांगू. पण काळ्या पडद्यावरची लिनक्सची कामं म्हणजे नुसता मजकूर, आणि एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर मजकूर वाचून दाखवतो. ब्लास्ट नावाची आज्ञा आपला क्रम जगभरच्या क्रमांशी ताडून बघते. तिचं उत्तर बारा स्तंभांच्या तक्त्यात मागवता येतं : तिसरा स्तंभ किती टक्के जुळलं, चौथा किती लांबीपर्यंत जुळलं, अकरावा ई-व्हॅल्यू, तिचा अर्थ पुढे येईलच. बाकीची मुलं पडद्यावर १०० टक्के बघून खूश. हा कानाने ऐकत होता, तिसऱ्यामागोमाग चौथा आकडा त्याला ऐकू येणारच. ‘मॅडम, शंभर टक्के जुळून राह्यलं, पण अठ्ठावीसच अक्षरं.’ दीड हजारातली अठ्ठावीस जुळून कोण ओळखलं जातं? वर्गात हे सगळ्यात आधी त्याला कळलं. त्याची अडचण आमच्या चित्रांपाशी झाली. कुठल्या नमुन्यात कोण किती, हे वीस-वीस रंगांच्या खांबांत दाखवायची या विषयात पद्धत आहे. तो म्हणे, तक्ता द्या. दिला. आणि खरं सांगायचं तर त्या वीस रंगांतून मलाही काही कळत नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला ई-व्हॅल्यू म्हणजे काय ते इंग्रजीत विचारलं. ती गप्प. मी मराठीत सांगू द्या म्हटलं, तर नियमात बसत नाही म्हणाले. नंतर व्हरांड्यात तिने मला सांगितलं : एवढ्या मोठ्या साठ्यात इतकं जुळणारे क्रम नुसत्या योगायोगाने किती सापडतील, तो आकडा, जितका कमी तितका आपला जुळलेला क्रम भरवशाचा. पाठ्यपुस्तकात याहून काही जास्त नाही. एप्रिल २०२३ मध्ये यूजीसीच्या अध्यक्षांनी विद्यापीठांना कळवलं होतं की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. ते पत्र तालुक्याच्या परीक्षा केंद्रापर्यंत, त्यातून तोंडी परीक्षेच्या टेबलापर्यंत पोचलेलं मी पाहिलेलं नाही.

मुलींचं आणखी एक. नमुने गोळा करायला मुक्कामी जायचं म्हटलं की घरून नकार येतो. त्यामुळे फील्डवर्क मुलांचं आणि लॅबमधली भांडी मुलींची, असं होत आलं. खुल्या डेटाने ही कोंडी थोडी फुटली. माझी एक विद्यार्थिनी लग्नानंतर एम.एस्सी. सोडून सासरी गेली. गॅलॅक्सी नावाची सोय ब्राउझरमध्ये चालते, काम दूरच्या संगणकावर होतं, आपल्याकडे भारी यंत्र लागत नाही. ती रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मोबाइलवर तिथे बसते. काय मिळतं त्यातून, असं तिच्या नवऱ्याने विचारलं. पगार मिळत नाही. हे मी वाचकांपासूनही लपवणार नाही : मी ‘पॅकेज’चं आश्वासन देत नाही. स्वतः इतकी वर्षं तासावर राबलेली बाई ते देणार तरी कशी?

‘इंग्रजीशिवाय हा विषय अशक्य’ हा आक्षेप मला दर वर्षी ऐकावा लागतो, बहुधा चांगल्या पगाराच्या माणसांकडून. आज्ञांची नावं इंग्रजीतच राहतील, शोधनिबंधही. ते बदला असं कुणी म्हणत नाही. आज्ञा काय करते आणि का करते, हे पहिल्यांदा मराठीत कळलेलं पोरगं पुढे इंग्रजी निबंधाशी झटतं. पहिल्या तासालाच अपमान झालेलं पोरगं कुठल्याच भाषेत झटत नाही.

जगात सध्या याच डेटाच्या मोबदल्याची चर्चा चालू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅली फंड सुरू झाला. निसर्गातून मिळालेल्या डिजिटल क्रमांवर कमाई करणाऱ्या कंपन्यांनी त्यात ऐच्छिक वाटा टाकावा आणि त्यातला किमान निम्मा मूळनिवासी व स्थानिक समूहांच्या वाट्याला जावा, अशी कल्पना आहे. पैसा येईल तेव्हा येईल. आमच्या गावांतल्या जैवविविधता समित्यांच्या नोंदवहीत झाडं आहेत, पक्षी आहेत. लोणारच्या ज्या जिवांचे क्रम जगभर वाचले जातात त्यांची ओळ तिथे कोण लिहिणार? माझे बी.एस्सी.चे विद्यार्थी लिहू शकतात, समितीने बोलावलं तर.

विद्यापीठांकडे माझं मागणं छोटं आहे. बायोइन्फॉर्मॅटिक्सच्या प्रात्यक्षिकाची पुस्तिका मराठीत काढा, तोंडी परीक्षा मराठीत देण्याची मुभा परीक्षकांच्या नेमणूकपत्रातच छापा, आणि प्रशिक्षणं पुण्या-मुंबईऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीने संध्याकाळी घरी पोचता येईल अशा वेळेत घ्या. आपल्याकडे एवढंच, की पुढच्या पुरवणीत संस्थांच्या फीशेजारी एनसीबीआय, गॅलॅक्सी, एनव्हीडीए आणि कार्पेंट्रीजचे पाठ ही फुकट मिळणारी नावंही छापा आणि ती इंग्रजीची ओळ गाळा. माझी प्रात्यक्षिकांची मराठी टिपणं हाताने लिहिलेली आहेत, अक्षर बरं आहे. ज्या कॉलेजला हवी असतील त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, झेरॉक्स पाठवते. टपालखर्च माझा.

आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक प्राध्यापिका,
जि. बुलढाणा